टाकीतील द्रव आणि चुलीतील वायू
(दिलसुखनगर, हैदराबाद येथील मराठी कुटुंबांपुढे केलेले भाषण)



मी कला शाखेचा पदवीधर. शास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार तो किती! परंतु आजचा विषय प्रयोगशाळेतला नसून आपल्या स्वयंपाकघरातला आहे, म्हणून हे धाडस करीत आहे.

स्थायू पदार्थाला स्वतःचा आकार असतो. वीट जेथे ठेवावी तेथे तशीच राहते. द्रव व वायू मात्र किंचित रेटा मिळताच सरकतात, वाहतात. म्हणून या दोहोंना मिळून परिभाषेत ‘द्रायू’ असा सुटसुटीत शब्द आहे. साखरही ओतता येते, मग तीही द्रायूच का, असे कोणी विचारील. नव्हे. साखरेचा ढीग ताटात उभा राहतो, पाण्याचा राहत नाही.

आता द्रव आणि वायू यांतील भेद पाहू. द्रवाला आकार नसला तरी आकारमान असते, आणि दाबून तो फारसा आकसत नाही. वायू मिळेल तेवढी जागा व्यापतो व दाबला की आकसतो. हा भेद आपल्या गॅसच्या टाकीत एकत्र नांदतो. घरगुती टाकीतील १४.२ किलो इंधन, म्हणजे प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण, दाबाखाली बहुतांशी द्रवरूप असते. टाकी काठोकाठ कधीच भरीत नाहीत. उन्हाने द्रव फुगतो. वर वायूची जागा असेल तर ती आकसून त्याला वाव देते, नसेल तर पत्रा फाटेल. टाकी आडवी ठेवू नये, याचेही कारण हेच की मग वायूऐवजी द्रव बाहेर पडू शकतो, आणि एक लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो.

हा वायू हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळला तर तो जमिनीलगत पसरतो, सखल जागी व तळघरात साचतो. आपल्या या भागात विद्यार्थ्यांची वसतिगृहे पुष्कळ. लहानशा खोलीत खाटेखाली टाकी ठेवून स्वयंपाक करणाऱ्या मुलांना हे अवश्य सांगावे. नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दारही उघडावे लागते. विजेचे बटण लावू नये, चालू असलेले बंदही करू नये; ठिणगी दोन्ही वेळा पडते.

या वायूला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. आपल्याला येतो तो उग्र दर्प मुद्दाम मिसळलेल्या इथिल मरकॅप्टनचा. तो आला की शेगडी व रेग्युलेटर बंद करून सर्वांनी बाहेर पडावे, आणि मोकळ्यावर आल्यावरच १९०६ हा क्रमांक फिरवावा.