खोली कोणाला द्यावी?



१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबईसाठी जमिनी संपादित झाल्या आणि ओव्यासारख्या गावांत खोल्यांचे भाडे हा अनेक घरांचा आधार झाला. तळोजा औद्योगिक वसाहतीतील कामगार, खारघरला शिकणारे विद्यार्थी, रिक्षाचालक इकडे खोली शोधत येतात. आपल्यातील काही कुटुंबांनीही काटकसर करून दोन-दोन खोल्या काढल्या आहेत. म्हणजे या सभेत भाडेकरू बसले आहेत, तसे घरमालकही बसले आहेत.

घरमालकाची भीती खोटी नसते. ज्याची एकच खोली भाड्याने आहे, त्याचे चार महिन्यांचे भाडे थकले तर मुलाची फी थांबते. म्हणून चौकशी करणे हा त्याचा हक्कच आहे. प्रश्न एवढाच, की चौकशी कशाची करावी?

आम्ही बँकेत नोकरी करणारी माणसे. कर्ज देताना आम्ही मिळकत, आधीचे व्यवहार आणि जामीनदार पाहतो. भाडेकरूचेही तेच पाहावे. काम कोठे, पगार किती, राहणार किती जण, आधीची खोली का सोडली? जमल्यास आधीच्या मालकाला विचारावे. ओळखपत्र घ्यावे, पोलीस ठाण्यात माहिती द्यावी. या प्रश्नांतून भाडे वेळेवर येईल की नाही, याचा अंदाज येतो. आडनावावरून तो येत नाही.

परंतु आडनाव विचारले जातेच. ते पुरले नाही, तर "गाव कोणते?", "मटण-मासे खाता का?" असे आडून विचारले जाते. मग खोली "कालच गेली" असते.

१९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. परदेशातील उच्च शिक्षण होते, नोकरी होती, भाडे देण्याची ऐपत होती. तरीही शहरात जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांच्या जमावाने त्यांना जागा सोडायला लावली. दोन मित्रांकडेही आसरा मिळाला नाही आणि ते मुंबईला परतले. भाडेकरू म्हणून त्यांच्यात कोणती उणीव होती? एकही नाही. आणि हे केवळ जुने झाले, असेही नाही. दिल्ली व परिसरातील भाड्याच्या घरांविषयी सुखदेव थोरात व सहकाऱ्यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लिम नावाने घर मागणाऱ्यांना सवर्ण नावापेक्षा कितीतरी जास्त नकार मिळाले, असे त्यात आढळले.

संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकाने, हॉटेले, विहिरी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. खासगी मालकाच्या भाड्याच्या खोलीचा नाही. म्हणून येथे मालकाच्या विवेकावर फार काही अवलंबून राहते.

घरमालकाला खरे संरक्षण कागदाने मिळते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे भाडेकरार अथवा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी व नोंदणीकृत हवा. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज आपल्या राज्यात चुकीचा आहे. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. कराराची नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मालकाला ते खोडून काढावे लागते. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही डिपॉझिटची आणि भाड्याची पावती मागा. शक्यतो पैसे बँकेतून द्या, म्हणजे पुरावा राहतो.

उद्या आपल्या दाराशी मुस्लिम कुटुंब येईल, पारधी समाजाचा तरुण येईल, परप्रांतीय मजूर येईल. पगाराची चिठ्ठी जरूर पाहावी, करार जरूर करावा. परंतु जो प्रश्न आपल्या वडिलांना खाली मान घालायला लावत होता, तो आपल्या तोंडून निघू नये. घराची किल्ली आपल्या हाती आली, ती तेवढ्यासाठी नव्हे.