नव्वदच्या दशकातली सर्वोत्तम गाडी कोणती?

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर गेलं वर्षभर एक खटला चालू आहे, हे तुम्हा सगळ्यांच्या कानावर आलंच असेल. नव्वदच्या दशकातली सर्वोत्तम गाडी कोणती? वाद इतका वाढला की दोन मित्रांनी आठवडाभर एकमेकांना चहा विचारला नाही. शेवटी मला पंच नेमलं. कारण सांगितलं असं की, 'तुम्ही आयुष्यभर लोकांच्या गाड्यांची कर्जं मंजूर केलीत, तुमचा स्वतःचा कुठल्याच गाडीवर जीव नाही.' तर आज तो निकाल देतो.

आधी नियम सांगतो. एक, गाडी १९९० ते १९९९ या काळात शोरूममधून नवी विकली गेलेली हवी. दोन, पगारदार माणसाला कर्ज काढून का होईना, परवडणारी हवी. त्यामुळे १९९५ पासून आपल्या पुण्यात बनू लागलेली मर्सिडीज बाद. तीन, त्या दशकातच ती रस्त्यावर पारखली गेलेली हवी.

मुळात असा वाद नव्वदच्या दशकाबद्दलच का होतो, याचा विचार करा. त्याआधीच्या काळाबद्दल असा वाद होऊच शकत नाही. फियाट किंवा ॲम्बेसेडर, दोनच नावं, आणि प्रश्न 'कोणती घेऊ' हा नव्हताच, 'नंबर कधी लागणार' हा होता. शेजारी आकुर्डीत स्कूटर तयार होत होत्या, तरी आपल्याला त्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. मुलाच्या जन्माच्या वेळी बुक केलेली स्कूटर त्याच्या मुंजीला आली, असं लोक गमतीनं म्हणायचे, आणि त्यात फार अतिशयोक्ती नव्हती. १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तिनं मध्यमवर्गाला गाडीत बसवलं. पण तिलाही रांग होतीच.

१९९१ मध्ये आर्थिक धोरण बदललं. १९९३ मध्ये मोटारगाड्या बनवण्यावरची परवाना पद्धत गेली. त्याच सुमारास नव्या खासगी बँकांना परवानगी मिळाली आणि कर्ज देणारेच ग्राहकाच्या दारात येऊ लागले. आमच्यासारख्या जुन्या बँकांतल्या अधिकाऱ्यांना हे जरा जड गेलं. पूर्वी कर्ज मागणारा दोन जामीनदार घेऊन टेबलासमोर उभा राहायचा. आता तो विचारू लागला, 'साहेब, तुमचा व्याजदर काय? समोरचा अर्धा टक्का कमी देतोय.' गाडीच्या बाबतीतही तेच झालं. ग्राहक पहिल्यांदाच खुर्चीत टेकून बसला.

आता उमेदवार बघू.

सी विंगवाले पद्मिनीचे वकील आहेत. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीची, स्टिअरिंगजवळ गिअर असलेली ही गाडी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून पार २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावली. तिचा मान मोठाच. पण ती मूळ साठच्या दशकातली. नव्वदच्या दशकात ती टिकून राहिली, एवढंच म्हणता येईल. म्हातारपणी सत्कार करावा, पण धावण्याच्या शर्यतीत पहिला नंबर देऊ नये.

सुमोचं नाव आमच्या गावाकडच्या मंडळींनी घेतलं. १९९४ ला आली. टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांच्या नावाची आद्याक्षरं घेऊन तिचं नाव ठेवलं, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. लग्नाचं वऱ्हाड, दवाखाना, देवदर्शन, प्रचार, सगळीकडे सुमो. पण ती घरापेक्षा गावाची गाडी.

सिएलोचं नाव घेताना आमच्या एका मित्राचा आवाज अजून हळवा होतो. १९९५ मध्ये तिच्याइतकी ऐटदार गाडी पगारदाराच्या आवाक्यात दुसरी नव्हती. पुढे तिची कोरियातली मूळ कंपनीच कोसळली आणि मालक सुट्या भागांसाठी वणवण फिरले. निवड आली की जोखीम आली, हा धडा तिनं शिकवला.

आता इंडिका. इथे बी विंगमधले टेल्कोचे निवृत्त लोक सरसावून बसलेत, मला दिसतंय. १९९८ च्या जानेवारीत दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती दाखवली, वर्षअखेरीला बाजारात आली. १४०५ सीसीचं डिझेल इंजिन, आत ऐसपैस जागा, आणि मुख्य म्हणजे आपल्या पिंपरीत बनलेली. पैसे भरून लाखावर बुकिंग झालं. भारतीय कंपनी स्वतःची मोटार बनवू शकते, हे तिनं दाखवलं. त्या दशकातली सगळ्यात महत्त्वाची गाडी तीच, हे मी लिहून देतो. पण महत्त्वाची आणि सर्वोत्तम यांत फरक आहे. पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारी आल्या. कंपनीनं त्या मनावर घेतल्या, दुरुस्त केल्या आणि सुधारलेली व्ही-टू आणली, ती २००१ मध्ये. म्हणजे दशक संपल्यावर. सँट्रो आणि मॅटिझचंही तेच. दोन्ही १९९८ च्या उत्तरार्धातल्या. दशकाच्या परीक्षेला त्या शेवटच्या पेपरला येऊन बसल्या.

उरल्या ८०० आणि झेन. घरातल्यांची मतं विचारली, तर ८०० जिंकेल. कुठल्याही तालुक्याच्या गावी मेकॅनिक मिळायचा आणि विकताना तोंड कडू व्हायचं नाही. पण माझा निकाल झेनच्या बाजूनं आहे.

कारण सांगतो. झेन १९९३ ला आली. ९९३ सीसी, ॲल्युमिनियमचं हलकं इंजिन, पन्नास हॉर्सपॉवर. तीच गाडी आपल्याकडून युरोपात अल्टो या नावानं निर्यात झाली. पण मला हे आकडे महत्त्वाचे वाटत नाहीत. एकाच शोरूममध्ये शेजारी ८०० उभी असायची, बरीच स्वस्त. तरीही माणूस म्हणायचा, 'मला ही हवी.' का? तर चालवायला मजा येते म्हणून, दिसते छान म्हणून. मिळाली म्हणून घेतलेल्या गाड्यांच्या देशात, आवडली म्हणून घेतलेली ही पहिली लहान गाडी. मागे तिघे बसले की गुडघे नाकाला लागायचे, हे विरोधी पक्षाचं म्हणणं मान्य. तरी पहिला नंबर झेन. टाळ्या आणि निषेध दोन्ही स्वीकारतो.

आता दोन मिनिटं कामाचं बोलतो. आपली सोसायटी नोंदली गेली, तेव्हा पार्किंगमध्ये ज्या गाड्या आल्या त्या याच. दर फ्लॅटला एक गाडीसुद्धा होईल, असं कुणी धरलं नव्हतं. आज दोन-दोन आहेत. आणि स्टिल्टमध्ये तीन जुन्या गाड्या कव्हरखाली कित्येक वर्षं हललेल्या नाहीत. टायर बसलेत, खाली मांजरीची पिल्लं वाढतात. त्यांच्यामुळे मागच्या विंगपर्यंत ॲम्ब्युलन्स वळत नाही. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय आहे, आणि त्यातली एक झेनच आहे, हेही मला माहीत आहे.

मालकांना माझी हात जोडून विनंती आहे. गाडी चालती असेल तर चालवा. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची फेरनोंदणी करा, पर्यावरण कर भरा, पीयूसी काढा, आम्ही सगळे कौतुकानं बघू. मात्र नातवंडांना घेऊन त्या गाडीतून एक्स्प्रेस वेला जाऊ नका. त्या वेळच्या लहान गाड्यांत एअरबॅग नव्हती, आज पुढच्या दोन्ही सीटना ती सक्तीची आहे. आणि गाडी चालणार नसेल, तर नोंदणीकृत भंगार केंद्रात द्या आणि आर.टी.ओ.तली नोंदणी रद्द करून घ्या. आठवण राहायला फोटो पुरतो, तिला बारा फूट जागा लागत नाही.

नव्वदच्या दशकानं आपल्याला निवडायला शिकवलं. काय घ्यायचं हे आपण पटकन शिकलो. काय सोडायचं, हे निवडणंही आपल्याच हातात आहे. या दोन-चार वयस्कर मंडळींच्या मागच्या विंगमध्ये रात्री-अपरात्री ॲम्ब्युलन्स पोहोचली पाहिजे, आणि त्या मंडळींत मीही आहे.

ज्यांना निकाल मान्य नाही, त्यांच्यासाठी अपिलाची सोय उद्या संध्याकाळी साडेपाच वाजता कट्ट्यावर आहे. चहा मात्र अपील करणाऱ्यानं आणायचा.