लॉर्डचा ‘मेलोड्रामा’ : एका रात्रीचें संगीत नाटक

श्रोतेहो, ‘पॉप’ संगीत हा शब्द कानीं पडतांच आपल्यांतील पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांतून तें विद्युत्-यंत्रांवर घडविलेलें, म्हणजे ज्याला इलेक्ट्रोपॉप म्हणतात त्या जातीचें असेल, तर मग बोलावयासच नको ! रात्रीं त्याच्या ठेक्यावर पाय थिरकवावे आणि सकाळीं तें विसरून जावें, एवढीच त्याची योग्यता, अशी आपली समजूत असते. ती कितपत खरी आहे, हें एका उदाहरणावरून तपासून पाहावें, असा माझा आजचा बेत आहे. उदाहरण आहे न्यूझीलंडच्या लॉर्ड या गायिकेच्या ‘मेलोड्रामा’ नामक दुसऱ्या गीतसंग्रहाचें. तो १६ जून २०१७ रोजीं प्रसिद्ध झाला.

प्रथम गायिकेची थोडी ओळख करून घेऊं. लॉर्ड हें तिनें गाण्यासाठीं धारण केलेलें नांव. खरें नांव एला यलिच-ओकॉनर. तिचा जन्म १९९६ सालीं ऑकलंड येथें झाला. आई सोन्या यलिच या कवयित्री. तेव्हां शब्दांचें वजन मुलीला घरांतच कळूं लागलें असल्यास नवल नाहीं. २०१३ सालीं जोएल लिटल या संगीतकाराच्या साह्यानें तिनें ‘प्युअर हिरोइन’ हा पहिला संग्रह काढला. त्यांतील ‘रॉयल्स’ हें गीत अमेरिकेंत लोकप्रियतेच्या यादींत अग्रस्थानीं पोंचलें, त्या वेळीं ती अवघी सोळा वर्षांची होती. मोजका ठेका, चुटक्यांचा आवाज आणि एकावर एक रचलेले तिचेच स्वर, एवढ्या अल्प सामग्रीवर तें गीत उभें होतें; आणि श्रीमंतीच्या प्रदर्शनाकडे तें उपनगरांतल्या सामान्य मुलांच्या मिस्किल नजरेनें पाहत होतें. जानेवारी २०१४ मध्यें त्याला दोन ‘ग्रॅमी’ पारितोषिकें मिळालीं.

आतां खरी अडचण येथूनच सुरू होते. कलावंताच्या पहिल्या कृतीमागें त्याचें सारें बालपण उभें असतें. दुसरीच्या मागें उभें असतें केवळ पहिलीचें यश. आणि यशासारखा दुसरा मोह नाहीं. ‘रॉयल्स’च्या सांच्यांतून आणखी दहा गीतें काढणें सोपें होतें, आणि तीं खपलींही असतीं. पण लॉर्डनें जवळजवळ चार वर्षें घेतलीं. या अवधींत ती वयांत आली, तिचें पहिलें प्रेम मोडलें, आणि न्यूयॉर्कला जाऊन जॅक अँटोनॉफ या संगीतकाराबरोबर, त्याच्या ब्रुकलिनमधील घरच्या ध्वनिमुद्रणगृहांत, तिनें हा संग्रह बव्हंशीं घडविला.

संग्रहांत अकरा गीतें आहेत, आणि सारा खेळ सुमारें ४१ मिनिटांचा. पण हीं अकरा सुटीं गीतें नव्हेत. एका घरीं रात्रीं तरुण मंडळींची मेजवानी चालली आहे, आणि त्या एका रात्रींत एका विरही मुलीच्या मनाचे जे चढउतार होतात, त्यांची ही मालिका आहे. ग्रीक भाषेंत ‘मेलॉस’ म्हणजे गीत. तेव्हां ‘मेलोड्रामा’चा शब्दशः अर्थ संगीत नाटक असाच होतो. पुढें या शब्दाला भडक, अतिरंजित भावनांचा वास चिकटला. वयांत येणाऱ्या मुलींच्या दुःखाला वडील माणसें नेमकें हेंच म्हणत असतात : “पुरे तुझें नाटक !” लॉर्डनें तोच शब्द उचलून आपल्या कृतीच्या माथ्यावर लिहिला, यांत मला एक शांत प्रत्युत्तर दिसतें.

हें नाटक यंत्रांच्या साह्यानें कसें उभें राहतें, तें पाहा. आरंभींचें ‘ग्रीन लाइट’ हें गीत पियानोच्या मंद स्वरांवर, रागानें घुसमटलेल्या आवाजांत सुरू होतें. मग सुरावट अकस्मात् वेगळ्याच स्वरपट्टींत शिरते आणि ढोलांचा पूर्ण ठेका बऱ्याच उशिरां येतो. मॅक्स मार्टिन हे पॉप-गीतांचे स्वीडिश आचार्य मानले जातात. त्यांनीं ही गीतरचना नियमांना धरून नाहीं असा अभिप्राय दिल्याचें लॉर्डनेंच एका मुलाखतींत सांगितलें, आणि तो तिनें अपमान मानला नाहीं. तरीहि रचना बदलली नाहीं. कारण मन दुःखांतून उसळून हर्षाकडे धांवतें, तें नियम पाळून धांवत नाहीं.

पांचवें गीत ‘लायबिलिटी’. येथें सारी यंत्रें थांबतात. उरतो फक्त पियानो आणि तिचा आवाज. आपण सर्वांना भार होतों, लोक आपल्याला कंटाळतात, या जाणिवेनें ती एकटी घरीं परतते. गर्दीच्या नादानंतर आलेली ही शांतता कानाला जवळजवळ बोंचते. त्याच्या पुढचें ‘हार्ड फीलिंग्ज’ याच्या उलट आहे. तेथें शब्द संपतात आणि धातूवर धातू घांसावा तसे कर्कश यांत्रिक ध्वनि उसळतात. जें दुःख गळ्यांतून निघूं शकत नाहीं, तें तेथें यंत्र बोलतें. यंत्राला हृदय नसतें, हा आक्षेप खराच. पण तंबोऱ्याला तरी तें कोठें असतें? हृदय वाजविणाराचें असावें लागतें. हार्मोनियमवर आपल्या नभोवाणीनें १९४० सालीं बंदी घातली होती, आणि ती उठावयास १९७१ साल उजाडावें लागलें. वाद्याविषयींच्या आपल्या निर्णयांत घाई किती असते, याचा हा घरचाच पुरावा आहे.

या गीतांत मद्याचे आणि स्वैर वागण्याचे उल्लेख आहेत, हें लपवून ठेवण्याचें कारण नाहीं. पालकांना ते खटकतील. परंतु त्यांचा गौरव येथें नाहीं. ‘सोबर टू’ या गीतांत पाहुणे निघून गेले आहेत, दिवे लागले आहेत, आणि रिकामे पेले आवरावयाचे आहेत. शेवटच्या ‘परफेक्ट प्लेसेस’ मध्यें तर गायिका स्वतःलाच विचारते कीं, रोज रात्रीं ज्या परिपूर्ण ठिकाणाचा आम्हीं शोध घेतों, तें मुळांत आहे तरी काय ? नाटक येथें संपतें. उत्तर मात्र मिळत नाहीं. विसाव्या वर्षीं तें मिळाल्याचा बहाणा तिनें केला नाहीं, हा तिचा प्रामाणिकपणा.

लोकांनीं या संग्रहाला अमेरिकेंत पहिल्याच आठवड्यांत अग्रस्थान दिलें. २०१८ च्या ‘ग्रॅमी’ समारंभांत वर्षांतील सर्वोत्कृष्ट संग्रहासाठीं जीं पांच नांवें होतीं, त्यांत स्त्रीचें नांव एकच, तें लॉर्डचें. पारितोषिक ब्रूनो मार्स यांना मिळालें. पुढें २०२१ च्या ‘सोलर पॉवर’मध्यें तिनें यंत्रें दूर सारून गिटारची कास धरली, आणि २०२५ च्या ‘व्हर्जिन’मध्यें ती पुन्हा विद्युत्-ध्वनींकडे वळली. यशाचा सांचा मोडण्याची जी संवय दुसऱ्या संग्रहानें तिला लावली, ती अशी टिकून आहे.

श्रोतेहो, हें संगीत आपणां सर्वांना आवडेल, असें मी म्हणत नाहीं. माझी विनंती एवढीच कीं, घरांतील मुलगी दार लावून असलें कांहीं ऐकत बसली असेल, तर “हा गोंगाट बंद कर” म्हणण्यापूर्वीं तिच्याजवळ घटकाभर बसावें, आणि यांतलें तिचें गीत कोणतें, तें विचारावें. आपण ज्याला नाटक म्हणतों, तें तिचें पहिलेंच खरें दुःख असण्याचा संभव आहे.