बुजगावण्याच्या गळ्यांतील पाटी

ज्वारीचें कणीस भरूं लागलें कीं शेतकरी शेतांत बुजगावणें उभें करतो. काठीला जुना सदरा आणि डोक्याच्या जागीं मडकें, एवढाच त्याचा थाट. पांखरांना तो राखणदार वाटतो. शेतकऱ्याला मात्र तें काय आहे हें पक्कें ठाऊक असतें. संगणकाच्या कारागिरांनाहि अशीं बुजगावणीं उभीं करावीं लागतात, आणि त्यांना हल्लीं फसतो तो कृत्रिम बुद्धिमत्तेचा 'एजंट'.

एजंट म्हणजे केवळ प्रश्नाचें उत्तर देणारें यंत्र नव्हे. पावसाचा अंदाज पाहणें, बाजारभाव आणणें, अर्ज भरणें अशा कामांसाठीं तो निरनिराळीं साधनें हातीं घेतो. जून २०२३ मध्यें ओपनएआय या कंपनीनें आपल्या यंत्राला अशीं साधनें जोडण्याची सोय केली. नोव्हेंबर २०२४ मध्यें अँथ्रोपिकनें त्यासाठीं 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नांवाचा खुला संकेत प्रसिद्ध केला. दोहोंची रीत मुळांत एकच आहे. साधनाचें नांव, त्याचें थोडक्यांत वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवावी याची यादी, एवढेंच एजंटाला दिसतें. आंतील यंत्रणा दिसत नाहीं. कचेरींत नुकताच रुजू झालेला कारकून बंद दारांवरील पाट्या वाचून कागद कोठें न्यावा हें ठरवितो, तशांतलाच हा प्रकार.

आतां होतें असें कीं, खरें साधन वेळेवर तयार नसतें. हवामानाची माहिती एका खात्याकडून यावयाची, भावाची दुसऱ्याकडून. काम अडूं नये म्हणून कारागीर तात्पुरतें साधन बसवितो : नांव खरें, वर्णन खरें, उत्तर मात्र आधींच लिहून ठेवलेलें. यांत गैर कांहींच नाहीं. पूजेंत सुपारीलाहि गणपति मानतात. पण तेथें आवाहन मोठ्यानें उच्चारून होतें आणि शेवटीं विसर्जनहि होतें. कारागिराच्या सुपारीला पुष्कळदां दोन्ही लाभत नाहींत.

हा प्रश्न कारखान्यापुरता राहिलेला नाहीं. जून २०२५ मध्यें महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें 'महाॲग्री-एआय' धोरणास मान्यता दिली आणि पहिल्या तीन वर्षांसाठीं ५०० कोटि रुपयांची तरतूद केली. त्याच वर्षीं शेतकऱ्यांना मराठींतून माहिती देणारें 'महाविस्तार' ॲपहि आलें. सरकारी असोत वा खाजगी, असे सल्लागार वाढत जाणार हें उघड आहे.

समजा, धाराशिव जिल्ह्यांतील कळंबच्या एका शेतकऱ्यानें २०२५ च्या हंगामांत अशाच एखाद्या एजंटाला सोयाबीनचा हमीभाव विचारला. भावाचें साधन तात्पुरतें आहे आणि त्यांत कोणीं तरी ४,८९२ रुपये हा आंकडा घालून ठेवला आहे. आंकडा खोटा नव्हे. २०२४-२५ चा क्विंटलचा हमीभाव तोच होता. २०२५-२६ सालीं तो ५,३२८ झाला. एजंट जुनाच आंकडा शुद्ध मराठींत, अदबीनें सांगेल. दारांत उभा असलेला व्यापारी ४,९०० देऊं करील, आणि हमीभावाहून अधिकच मिळालें या समाधानांत शेतकरी माल मापून देईल. प्रत्येक क्विंटलमागें ४२८ रुपयांचें हें अंतर. दहा क्विंटलांना ४,२८० रुपये. तात्पुरतें उत्तर ९९,९९९ असतें तर तो हंसला असता आणि वांचला असता. बुजगावणें जितकें हुबेहूब, तितकें अधिक घातक.

नांवांचाहि घोळ असतो. जिल्ह्याचें नांव २०२३ सालीं अधिकृतपणें बदललें. जुन्या नोंदींत 'उस्मानाबाद' असेल आणि शेतकरी 'धाराशिव' म्हणेल, तर साधनानें काय करावें? कळंब यवतमाळ जिल्ह्यांतहि आहे. वाशीची गंमत तर निराळीच : या जिल्ह्यांत वाशी तालुका आहे, आणि मोठी बाजारपेठ असलेली वाशी नव्या मुंबईंत. शहरांत बसलेल्या कारागिराला कोणती वाशी आधीं आठवेल, हें सांगावयास नको.

म्हणून बुजगावण्याच्या गळ्यांत पाटी हवी, आणि ती एजंटाला वाचतां येईल अशा जागीं, म्हणजे साधनाच्या वर्णनांतच हवी. 'हें साधन पुढें हमीभाव सांगेल. सध्यां तें कोठेंहि जोडलेलें नाहीं. याचें उत्तर कोणालाहि भाव म्हणून सांगूं नये' असें पहिल्याच वाक्यांत स्पष्ट लिहावें. कोणतीं नांवें तें ओळखतें, तें कोणाच्या जबाबदारींत आहे आणि खरें साधन बसेपर्यंत शेतकऱ्यानें कोठें विचारावें, हें त्यापुढें. वेगळ्या वहींत केलेलें टिपण कारागिराच्या सोबत्यांना उपयोगी पडेल. एजंट ती वही उघडीलच असें नाहीं. शिवाय उत्तरांतहि आंकडा न देतां 'सेवा अद्याप उपलब्ध नाहीं' एवढेंच परत करावें; कारण वर्णन एजंटापाशींच राहतें, उत्तर मात्र शेतकऱ्यापर्यंत जातें.

खरें साधन बसल्यावर ती पाटी त्याच दिवशीं उतरवावी लागते. ती तशीच राहिली तर उलटाच घोटाळा होतो : दारामागें चालू सालचा भाव तयार असतो, आणि एजंट पाटी वाचून शेतकऱ्याला 'सेवा उपलब्ध नाहीं' असें सांगून परत पाठवितो.