परदेशचा हिवाळा आणि आपला चित्रपट



या उकाड्यात हातपंख्याने वारा घेत तुम्ही बसला आहात आणि मी थंडीची हकीकत सांगायला उभा राहिलो आहे. निदान तेवढा गारवा तरी माझ्या भाषणातून मिळावा!

मी याच तालुक्यातला. कॅनडातील एका शहरात माझी सव्वीस वर्षे गेली. तिथे डिसेंबरात पाच वाजायच्या आत काळोख होतो. जानेवारीत पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो. मोटार काढायची म्हणजे आधी अर्धा तास फावड्याने बर्फ उपसायचे. शेजाऱ्याचे दर्शन एकदम एप्रिलात! अशा दिवसांत आमच्या मराठी मंडळाचा महिन्याचा चित्रपट हाच काय तो उबेचा प्रसंग. भाड्याने घेतलेले शाळेचे सभागृह, दाराशी ओव्हरकोटांचा ढीग, बटाटेवडे, आणि पडद्यावर दोन तास आपला गाव.

गारठलेल्या माणसाला मायदेश शेकोटीसारखा हवा असतो. तीत कोणी ओले लाकूड घातले की धूर होतो, डोळे चुरचुरतात, आणि लाकूड घालणाराचा राग येतो. आम्हां परदेशस्थांच्या चित्रपटविषयक राजकारणाचे मूळ मला इथे दिसते.

2014 साली नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ प्रदर्शित झाला. कैकाडी घरातला जब्या, वर्गातल्या शालूवर जीव लावून बसलेला. आणि गाव त्याच्या घरच्यांना डुकरे धरायला लावते. धरलेले डुक्कर काठीला बांधून ती माणसे शाळेच्या भिंतीवरून जातात, आणि त्या भिंतीवर फुले, आंबेडकरांची चित्रे आहेत. शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट प्रेक्षकाकडे.

हा चित्रपट दाखवावा काय, यावर आमच्या कार्यकारिणीत तीन तास खल झाला. “इथे वाढलेल्या मुलांना हे कशाला? गोरे पाहुणे येतात, ते काय म्हणतील?” हा आक्षेप काही नवा नव्हे. ‘पथेर पांचाली’ 1955 सालचा. त्याच्या कर्त्यावर, सत्यजित राय यांच्यावर, भारताचे दारिद्र्य परदेशी नेल्याचा ठपका नर्गिसबाईंनी राज्यसभेच्या सदस्य असताना 1980 साली ठेवला. ‘मदर इंडिया’त ज्यांनी स्वतः चिखलात नांगर ओढला, त्या या बाई!

माझ्या दिवाणखान्यात अजिंठ्याच्या पद्मपाणीचे मोठे चित्र होते. हे लेणे माझ्या तालुक्यातले, असे येणाऱ्याजाणाऱ्याला मी सांगे. पण त्याच अजिंठ्यात सतराव्या लेण्यात विश्वंतर जातक रंगवले आहे. दानशूर राजपुत्राची लेकरे मागून नेणारा जुजक त्यात आहे, कुरूप आणि हावरट. चित्रकाराने त्याला झाकला नाही. ते चित्र मात्र मी कधी भिंतीवर लावले नाही.

कार्यकारिणी सात जणांची. ‘फँड्री’ नको म्हणणारे चार निघाले. त्या महिन्यात एक विनोदी चित्रपट दाखवला. सभागृह भरले, वडे पुरले नाहीत.

पुढल्या जानेवारीत, बाहेर बर्फाचे वादळ असताना, ‘फँड्री’ मी घरी एकट्याने पाहिला. दगड आला तेव्हा मी खरोखर मान मागे घेतली. मंडळाच्या इतिवृत्तात विरोधी चार मतांपैकी चौथे नाव माझे आहे.