काढण्याआधी यादी वाचा



बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैल घेणारा माणूस आधी जबडा उघडून दात बघतो. आदत आहे, चार दाती आहे की जुळलेला, हे कळल्याशिवाय तो दावं हातात घेत नाही. कमांड लाइनवर पॅकेज आणतानाही अशी पारख होते. ‘ॲप्ट अपडेट’ म्हटलं की भांडाराच्या यादीवरची डिजिटल सही तपासली जाते. मग ‘ॲप्ट इन्स्टॉल’ म्हटल्यावर उतरलेल्या फाइलचा हॅश त्या यादीशी ताडून पाहिला जातो. आणण्याची ही बाजू तुम्हाला ठाऊक आहे. मला बोलायचं आहे ते काढण्याविषयी.

मी शिकवायला लागलो त्या काळात विद्यार्थ्यांना सांगायचो, संगणकानं विचारलं की ‘वाय’ दाबा आणि पुढे चला. एका मुलानं नवं पायथन टाकण्यासाठी जुनं काढायला घेतलं. पडद्यावर भलीमोठी यादी आली, शेवटी प्रश्न आला आणि त्यानं माझ्या सांगण्याप्रमाणे ‘वाय’ दाबलं. यंत्र पुन्हा सुरू केलं तेव्हा डेस्कटॉप नव्हता, नुसता काळा पडदा. डेस्कटॉपचे कितीतरी भाग त्या पायथनवर उभे होते आणि ते सगळे त्या यादीत नावानिशी लिहिलेले होते. चूक त्या मुलाची नव्हती. यादी वाचायला मी शिकवलंच नव्हतं.

जमीन घेताना आपण सातबाऱ्यावर मालकाचं नाव पाहून थांबत नाही, इतर हक्कांत बोजा आहे का तेही बघतो. पॅकेज व्यवस्था म्हणजे संगणकाचा असाच दप्तरखाना. इयान मरडॉक यांनी १९९३ साली डेबियन ही लिनक्स प्रणाली सुरू केली. तिच्या डीपीकेजी या साधनाकडे कोणती फाइल कोणत्या पॅकेजची आणि कोण कोणावर अवलंबून, याची नोंद असते. मूळ कोड आणून हातानं बसवलेल्या सॉफ्टवेअरची अशी नोंद त्या दप्तरात नसते, म्हणून ते काढताना माणूस चाचपडतो.

काढण्याच्या आज्ञाही वेगवेगळ्या आहेत. ‘रिमूव्ह’ पॅकेज काढतं, पण सेटिंगच्या फायली मागे ठेवतं. ‘पर्ज’ त्याही पुसतं. ‘ऑटोरिमूव्ह’ दुसऱ्यासाठी आलेली आणि आता कोणालाच नको असलेली पॅकेजं नेतं. आणि ‘ॲप्ट-गेट’ला ‘सिम्युलेट’ हा पर्याय दिला तर काहीही न हलवता काय काय जाईल तेवढंच दिसतं. माझं ऐकाल तर वर्गात हा पर्याय सगळ्यांत आधी शिकवा.

एका काढण्यानं जग अडल्याचं उदाहरण फार जुनं नाही. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं ११ ओळींचं जावास्क्रिप्ट पॅकेज त्याच्या लेखकानं एनपीएमच्या भांडारातून मागे घेतलं, आणि त्याचं नावही न ऐकलेल्या असंख्य लोकांचे प्रकल्प बांधले जाईनात. शेवटी भांडार चालवणाऱ्यांना ते परत ठेवावं लागलं.

काढायची घाई का नको, याचं आणखी एक कारण जवळच दिसतं. बेल्ह्याच्याच तालुक्यातल्या खोडदला आणि आसपासच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी आकाशाकडे कान लावून उभ्या आहेत. त्यांचे संकेत जुळवण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या साध्या यंत्रांवर लिनक्स घालून संगणकांचा समूह उभारला गेला. तिथली निरीक्षणं उलगडणारे संशोधक कासा आणि एप्स ही पॅकेजं वापरतात; त्यांतल्या एप्सची सुरुवात १९७८ची. अशा कामात नवं आलं म्हणून जुनी आवृत्ती पुसून चालत नाही. जुनं गणित पुन्हा पडताळायचं तर ते ज्या आवृत्तीवर केलं ती हाताशी लागते.

आता मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट. लिनक्सवर मराठी वाचताना अनेकांनी लोहित देवनागरी हा फाँट वापरला आहे. लोहित फाँट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं घडवले आणि रेड हॅटनं २००४ साली ते मुक्त परवान्याखाली खुले केले. एका ओळीच्या आज्ञेनं ते आपल्याकडे येतात. पण ‘ॲप्ट शो’ म्हणून कुठल्याही पॅकेजची माहिती मागा, त्यात ‘मेंटेनर’ अशी एक ओळ दिसेल. सांभाळणाऱ्यानं काम सोडलं की डेबियनमध्ये त्या पॅकेजला अनाथ म्हणतात. दोष साचत गेले आणि कोणी पुढे आलं नाही, तर ते भांडारातूनच काढलं जातं. ते काढणं आपल्या पडद्यावर कुठलाही प्रश्न विचारून होत नाही. मराठीच्या पॅकेजांवर ही वेळ येऊ नये असं मला फार मनापासून वाटतं, आणि ती सांभाळण्यासाठी पुण्यात किंवा परदेशातच राहायला हवं असं नाही. बेल्ह्यातल्या मुलामुलींना ते इथे बसून करता येईल.

म्हणून आज दुपारी प्रयोगशाळेत ‘ॲस्पेल-एमआर’ हा शुद्धलेखन तपासण्यासाठीचा मराठी शब्दकोश बसवू या. तो आपल्याबरोबर काय काय आणतो ते वाचू. मग बाजारात रोज बोलले जाणारे शब्द त्याला देऊ: दावं, वेसण, आदत, जुळलेला. जे शब्द तो चुकीचे म्हणून परत करील, ते वहीत उतरवून घ्या. वही मी बरोबर आणली आहे.