हुकूमशहा की तानाशहा?

डोंबिवलीशेजारच्या कल्याणात १८६४ पासून सार्वजनिक वाचनालय आहे, ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय. शब्दांची इतकी जुनी राखण असलेल्या या पट्ट्यातही आता मोर्चांतल्या घोषणांत आणि लोकलमधल्या गप्पांत 'हुकूमशाही'च्या जागी 'तानाशाही' ऐकू येते. हा बदल मला साधा वाटत नाही.

'तानाशाह' हे गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन कुतुबशहा याचे टोपणनाव. हिंदीतला शब्द त्यावरूनच आला, असे मानले जाते. हा राजा कोण होता? त्याचा कारभार मादण्णा आणि आकण्णा हे बंधू पाहत. १६७७ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेवर निघालेल्या शिवाजी महाराजांचे त्याने भागानगरात, म्हणजे आजच्या हैदराबादेत, स्वागत केले, त्यांच्याशी तह केला. १६८७ मध्ये औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला आणि अबुल हसन दौलताबादच्या किल्ल्यात कैदेत पडला, कैदेतच वारला. जिंकणाऱ्याचे नाव मोकळे राहिले आणि हरलेल्याचे नाव जुलमाची खूण झाले. महाराजांच्या मित्राचे नाव मराठी माणसाने तरी असे वापरू नये.

कोणी म्हणेल, 'हुकूम' अरबी आणि 'शहा' फारसी, मग हा शब्द तरी आपला कुठे? प्रश्न रास्त आहे. खुद्द महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरीही हुकूम टिकला, कारण तो आपल्या तोंडी मुरला. हुकमी एक्का काय असतो, हे पत्ते खेळणाऱ्या पोरालाही कळते. माझा आक्षेप शब्दाच्या कुळाला नाहीच. 'हुकूमशाही' आणि 'लोकशाही' शेजारी ठेवा : एकीत हुकूम राज्य करतो, दुसरीत लोक. शब्दच व्याख्या सांगतो. 'तानाशाही'तल्या 'ताना'तून मराठी कानाला काहीच कळत नाही.

मात्र हा नेमका शब्द आपणही स्वस्त करतो. कडक मुख्याध्यापक किंवा हेकट पालिका अधिकारी हुकूमशहा नसतो. त्याच्यावर वरिष्ठ असतात, त्याच्याविरुद्ध न्यायालयात जाता येते. ज्याच्या हुकमावर कुठेच दाद मागता येत नाही, तोच हुकूमशहा. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या शिक्षकांना, पत्रकारांना माझी विनंती आहे : 'तानाशाही' लिहू नका, आणि 'हुकूमशाही' लिहाल तेव्हा दाद मागायची वाट खरोखर बंद आहे का, ते आधी पाहा.